रेघेची पट्टी

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना अक्षरं गोंदवून हवी असतात. आईचं नाव, लेकीचं नाव, कधी नुसतं 'आई', आणि अधूनमधून राजमुद्रा. रोमन अक्षरं त्या मानाने सोपी. ती सुटी सुटी उभी असतात, एखादं थरथरलं तर ते त्याच्यापुरतं. देवनागरीत शिरोरेखा असते. मनगटाच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत सारख्या जाडीची सरळ रेघ ओढायची आणि मग तिला काना, मात्रा, वेलांट्या टांगायच्या. ती रेघ कुठे केसभर जाड झाली की पाहणाऱ्याला नाव दिसण्याआधी चूक दिसते. शिवाय 'श'ची गाठ, 'क्ष'चा वेढा, 'ळ'ची दोन पोटं या पोकळ्या मुळातच लहान. रंगाचे कण त्वचेतल्या भक्षक पेशी गिळून बसतात आणि वर्षं जातील तशी रेघ थोडी पसरते. ती आधीच जाड पडली असेल तर पोकळ्या बुजतात आणि नाव वाचता येत नाही.

त्यामुळे धंद्यात नव्याने उतरलेली मुलं येऊन विचारतात, "दादा, लाइनसाठी कुठली रोटरी घेऊ?" रोटरी म्हणजे फिरत्या मोटरीवर चालणारी गोंदणाची मशीन. उत्तर म्हणून बहुतेक जण एखाद्या कंपनीचं नाव सांगतात आणि मोकळे होतात. नाव सांगणं सोपं असतं आणि बरेचदा सांगणाऱ्याने तीच मशीन घेतलेली असते. मला वाटतं, नावाकडे सगळ्यात शेवटी यावं. आधी सुई किती लांब धावते ते विचारावं, मग सेकंदाला किती वेळा धावते ते, आणि आत गेलेली सुई बाहेर कोण ओढतं तेही. या तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी फारसं बघत नाही आणि रेघा तिथेच तुटतात.

आधी थोडा इतिहास, कारण रोटरीबद्दलचे निम्मे गैरसमज त्यातूनच आलेत. रोटरी म्हणजे नवी आणि विद्युतचुंबकावर चालणारी कॉइल म्हणजे जुनी, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. कागदोपत्री उलटं आहे. १८७६ साली टॉमस एडिसनने 'इलेक्ट्रिक पेन'चं पेटंट घेतलं. ते कचेरीत कागदांच्या प्रती काढण्यासाठी होतं. पेनाच्या डोक्यावर इवलीशी मोटर आणि आत सेकंदाला पन्नासेक वेळा खालीवर होणारी सुई. अशा पेनाने लिहिलं की कागदावर भोकांची अक्षरं उमटायची, मग वरून शाईचा रूळ फिरवायचा. काचेच्या भांड्यातल्या ओल्या बॅटरीवर ते चालायचं आणि ती बॅटरी सांभाळणं म्हणजे कारकुनाला एक जास्तीचं काम. पुढे न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ'रायलीने तीच कल्पना कागदावरून कातडीवर आणली आणि ८ डिसेंबर १८९१ रोजी विजेच्या गोंदणयंत्राचं पेटंट मिळवलं. म्हणजे पहिली पेटंट झालेली मशीन फिरत्या मोटरीचीच, आजच्या भाषेत रोटरी.

मग कॉइल आली. १९०४ साली न्यूयॉर्कमध्येच चार्ली वॅग्नरने विद्युतचुंबकावर चालणाऱ्या मशीनचं पेटंट घेतलं. १९२९ साली डेट्रॉइटच्या पर्सी वॉटर्सने दोन कॉइलच्या मशीनला जी चौकट दिली, ती बघून आजचा कुठलाही गोंदणारा तिला ओळखेल. तत्त्व दारावरच्या जुन्या विजेच्या घंटीचं. चुंबक लोखंडी पट्टी खाली खेचतो, खेचताक्षणी जोड तुटतो, स्प्रिंग पट्टी वर आणते, जोड पुन्हा जुळतो. स्क्रू पाव वळसा फिरवला की मशीनचा स्वभाव बदलतो. बिघडली तर स्क्रूड्रायव्हर आणि सोल्डरिंगच्या जोरावर घरच्या घरी दुरुस्त होते. त्या काळच्या मोटरी एक तर जड नाहीतर दुबळ्या. कॉइलने पाऊणशे वर्षं राज्य केलं यात नवल नाही.

आमच्या गावच्या जत्रेत गोंदणवाला पत्र्याच्या पेटीमागे बसायचा. पेटीत बॅटरी, पाटीवर मोर, विंचू, मारुती, तुळस, आणि हातात खेळण्यातल्या मोटरीची घरगुती मशीन. आजीच्या हातावरचं तुळशीचं गोंदण तिच्या लहानपणी दोऱ्याने एकत्र बांधलेल्या सुयांनी टोचलेलं, तर काकाच्या हातावरचं नाव या मशीनचं. लहानपणी मला काकाचं नाव जास्त आधुनिक वाटायचं. आता दोन्ही आठवून पाहतो तेव्हा आजीची तुळस सरस ठरते. काकाच्या नावातली रेघ तीन टिंबं, मग मोकळी जागा, मग एक डाग अशी जाते. ती मशीनही रोटरीच होती. पण कातडीला सुई टेकली की मोटर दबायची, हात पुढे जायचा आणि सुई मागे राहायची. रोटरीने लाइन येत नाही, हे वाक्य मी पहिल्या उस्तादाकडून ऐकलं तेव्हा मला काकाचा हात आठवला होता. ते वाक्य त्या मोटरींबद्दल खरं होतं.

त्यात आणखी एक यांत्रिक सत्य होतं आणि ते आजही बदललेलं नाही. कॉइलमध्ये पट्टी चुंबकाजवळ येते तशी जास्त जोराने खेचली जाते, म्हणजे सुईचा वेग तळाकडे वाढत जातो. रोटरीत सुई चाकावरच्या एका बाजूला सरकलेल्या खिळ्याला जोडलेली असते. त्यामुळे ती पाळण्यासारखी हलते. वर थांबते, मधे वेग घेते, तळाशी पोचेपर्यंत पुन्हा शांत होते. सगळ्यात खोल बिंदूवर तिचा वेग शून्य असतो. म्हणून कॉइलचा ठोका हाताला ठणठणीत लागतो आणि रोटरीचा मऊ. कॉइलवर शिकलेला माणूस रोटरी हातात घेतो, तो ठणका जाणवत नाही, तो भरपाई म्हणून सुई खोल दाबतो आणि पंधरा दिवसांनी रेघेभोवती निळसर सावली पसरलेली दिसते. यालाच ब्लोआउट म्हणतात. रंग बसायला हवा वरच्या पातळ आवरणाखालच्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल. त्याच्याही खाली चरबीत गेला तर तो धरून ठेवणारं काही नसतं. दोष मात्र मशीनच्या नावावर जातो.

या मऊपणावर उपाय आहे स्ट्रोकचा, म्हणजे सुईच्या एका धावेच्या लांबीचा. दुकानदार सांगतात, लायनिंगला म्हणजे रेघेला ४ मिमी किंवा त्याहून जास्त, शेडिंगला म्हणजे छटा भरायला ३ च्या आसपास आणि ३.५ सगळ्याला. हा ठोकताळा वाईट नाही, पण त्यामागचं कारण कळलं तर तो कधी मोडायचा तेही कळतं. वहीत थोडा हिशेब केला तर पुरतो.

समजा मशीन सेकंदाला १२० ठोके देते आणि सुई कातडीत दीड मिलिमीटर जाते. स्ट्रोक ३ मिमीचा असेल तर सुई प्रत्येक फेरीतला निम्मा वेळ कातडीच्या आत असते. स्ट्रोक ४ मिमी केला तर हा वाटा ४२ टक्क्यांवर येतो, ५ मिमीला ३७ वर. कातडीत शिरतानाचा सुईचा वेगही वाढतो. ३ मिमीला सेकंदाला सुमारे १.१ मीटर, ४ ला जवळजवळ दीड, ५ ला १.७ च्या वर. म्हणजे लांब स्ट्रोकची सुई जोरात शिरते आणि लवकर बाहेर येते. रेघ ओढताना हात सतत पुढे सरकत असतो, आणि सुई आत असेपर्यंत जितका हात सरकेल तितकी कातडी ओढली जाते. छोट्या स्ट्रोकवर भरभर हात चालवला की सुई अडकल्यासारखी वाटते आणि रेघेची कड फाटकी येते. खोटं वाटत असेल तर २.५ मिमीच्या शेडरने केळ्यावर झपकन एक रेघ ओढून बघा.

मग ५ मिमीच घ्यावा आणि विषय संपवावा? तिथे दुसरी अडचण उभी राहते. लांब स्ट्रोकची सुई वर गेली की नळीच्या आत पार दिसेनाशी होते आणि खाली आली की बरीच बाहेर येते. ती किती बाहेर ठेवायची हे हाताला चोख माहीत हवं, नाहीतर खोली हुकते. वेग जास्त असल्यामुळे तीच चूक जास्त महागात पडते. बोटांवर, मनगटाच्या आतल्या बाजूला, वयस्कर माणसाच्या कागदासारख्या त्वचेवर ५ मिमीची मशीन म्हणजे गल्लीत ट्रॅक्टर.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. आपण 'लाइनवर्क' म्हणतो ते खरं तर दोन वेगळे धंदे आहेत. एक जाड रेघेचा, म्हणजे पारंपरिक पाश्चात्य शैलीतली जहाजं-गुलाबं, मोठी मंडलं, राजमुद्रेची अष्टकोनी कड. त्यात ९, ११, १४ सुयांचे राउंड लायनर लागतात. इतक्या सुया एकदम कातडीत घालायला ताकद हवी, म्हणून ४ ते ४.५ चा स्ट्रोक आणि दमदार मोटर. दुसरा धंदा फाइनलाइनचा, एक किंवा तीन सुयांचा. कानामागचं पीस, मनगटावरचं बारीक नाव, वारलीतली काडीसारखी माणसं. एक सुई कातडीत जायला जोर लागतच नाही. तिथे ४.५ मिमीचा ठोका म्हणजे मुंगीला घण. ३ ते ३.५ मिमी, ठोके कमी, हात शांत. दुकानात 'लाइनसाठी मशीन द्या' म्हणणाऱ्याला दुकानदाराने आधी 'कुठल्या लाइनसाठी?' असं विचारायला हवं. तो विचारत नाही, महागातली काढून दाखवतो.

सुयांची जाडीही याच हिशेबातली. खोक्यावर १२०७ आरएल लिहिलेलं असतं. आरएल म्हणजे राउंड लायनर, त्यातला १२ म्हणजे ०.३५ मिमी जाडीची सुई आणि ०७ म्हणजे सात सुया. १० म्हणजे ०.३० मिमी, ८ म्हणजे ०.२५. बारीक अक्षरांना १० नंबर बरा, पण त्यातून रंग कमी उतरतो. म्हणून हात सावकाश हवा, आणि हात सावकाश चालला की ठोकेही उतरवावे लागतात. एक बदललं की सगळंच हलतं.

ठोक्यांचं गणित तसं सोपं आहे. हात सेकंदाला २५ मिमी चालला आणि मशीन १२० ठोके देत असली तर दोन टोच्यांमध्ये ०.२ मिमीचं अंतर पडतं. सात सुयांच्या झुपक्याला ते सहज झाकता येतं. तोच हात मशीन ६० ठोक्यांवर ठेवून चालवला तर अंतर दुप्पट होतं आणि बारीक सुईला टिंबांची माळ दिसायला लागते. उलट ठोके फार वाढवून हात रेंगाळला तर एकाच जागी दहा वेळा टोचून कातडी सोलवटते. त्यामुळे मशीन निवडायच्या आधी स्वतःचा हात किती वेगाने चालतो हे मोजावं. एक वीत रेघ ओढायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर बघायचं, बस्स.

पण ठोके मोजायचे कसे? इथे आमच्या धंद्यात मोठा घोळ आहे. सगळे व्होल्टमध्ये बोलतात. "मी साडेसातवर लाइन मारतो." कुठल्या मशीनचे साडेसात? एका मोटरीला ८ व्होल्टवर ९० ठोके पडतील, दुसरीला १३०. व्होल्ट हा पॉवर सप्लायचा आकडा आहे, सुईचा नाही. बर्लिनच्या शायनसारख्या काही मशीन सरळ हर्ट्झ दाखवतात, म्हणजे सेकंदाला किती ठोके ते. बाकीच्यांसाठी मी एक जुगाड वापरतो, आणि तो मला हार्मोनियम शिकणाऱ्या एका गिऱ्हाइकाने दिला. मशीन कान लावून ऐकत तो म्हणाला, "तुमची मशीन काळी एकमध्ये गुणगुणतेय." घरी जाऊन बघितलं. बरेच पुरुष गायक षड्ज लावतात ती काळी एक म्हणजे सेकंदाला १३९ कंपनं. सुई सेकंदाला १३९ वेळा ठोकत असेल तर गुणगुण त्याच पट्टीची. तेव्हापासून मोबाइलवरचं तंबोऱ्याचं ट्यूनर मशीनजवळ धरतो. खालच्या सप्तकातली काळी पाच आली तर ११७, पांढरी एक आली तर १३१. माझा मध्यम जाडीच्या रेघेचा मुक्काम या दोघींच्या मधे कुठेतरी. कधी ट्यूनर दुप्पट आकडा पकडतं, २३४ दाखवतं, तेव्हा अर्धा करायचा. फाइनलाइनला पट्टी अजून उतरवायची.

हे ट्यूनर आणखी एक गोष्ट सांगतं, आणि विकत घेताना तीच सगळ्यात कामाची. मशीन हवेत चालू ठेवा, सूर बघा. मग १४ आरएल लावून सिलिकॉनच्या सरावाच्या कातडीवर टेकवा आणि पुन्हा सूर बघा. चांगल्या मोटरीचा सूर जेमतेम हलतो. दुबळ्या मोटरीचा सूर दोन-तीन स्वर खाली घसरतो. जत्रेतल्या मशीनचा तर टेकवताच गळाच बसायचा. स्वित्झर्लंडच्या मॅक्सॉनच्या किंवा जर्मनीच्या फॉलहाबरच्या छोट्या मोटरींचं जे कौतुक होतं ते याचसाठी. लोखंडी गाभा नसलेली हलकी गुंडाळी असल्याने त्या पटकन वेग घेतात. काही मशीन तर आतल्या सर्किटने वेग मोजून, भार पडला की लगेच जास्त वीज देतात. खोक्यावर 'स्विस मोटर' छापलेल्या सगळ्याच मोटरी स्वित्झर्लंडहून आलेल्या नसतात, हे मात्र सूर पाहिल्यावर कळतं.

आता तो तिसरा प्रश्न, सुई परत कोण आणतं. जुन्या पद्धतीत सुई लांब दांडीला जोडलेली असते आणि दांडीचं वरचं वेटोळं चाकावरच्या खिळ्यात अडकवतात. खिळा खाली गेला की सुई खाली, वर गेला की वर. दोन्ही बाजूंनी पक्की पकड. २००० नंतरच्या दशकात शायन बनवणाऱ्या एमटी डर्म कंपनीने कार्ट्रिजची पद्धत रुळवली आणि आज जवळजवळ सगळं पेन-मशीनचं जग तिच्यावर चालतं. सुई, नळी, टोक, सगळं एकाच प्लॅस्टिकच्या डबीत, काम झालं की फेकून द्यायची. स्वच्छतेच्या दृष्टीने हे उत्तमच. आतला पडदा शाई आणि रक्त मशीनमध्ये चढू देत नाही. मशीन ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाही, त्यामुळे तो पडदा नसलेली स्वस्त कार्ट्रिज वापरणं म्हणजे आदल्या माणसाचं रक्त पुढच्या माणसासाठी जपून ठेवणं.

पण कार्ट्रिजमध्ये मशीन सुईला फक्त ढकलते. परत आणण्याचं काम तो पडदा किंवा आतलं रबर स्वतःच्या ताणाने करतं. ताण कमी पडला, किंवा ठोके इतके वाढवले की सुई वर येण्याआधीच पुढचा ठोका पडला, तर सुई मधेच तरंगते. पूर्ण बाहेर येत नाही, पूर्ण आतही जात नाही. मग रेघ दोन इंच सुरेख जाते आणि अचानक फिकी पडते. नवी मुलं हाताला दोष देतात, मशीन बदलतात, व्होल्ट वाढवतात, आणि व्होल्ट वाढवल्याने प्रकरण आणखी बिघडतं. कित्येकदा नुसती चांगल्या ताणाची कार्ट्रिज लावली की तीच मशीन शहाण्यासारखी वागायला लागते. म्हणून मी मशीनपेक्षा कार्ट्रिजवर जास्त भांडतो. टोकात सुयांचा झुपका डुगडुगतो का तेही बघावं. उजेडासमोर धरून नखाने हळूच ढकलायचं. हलला तर ती डबी शेडिंगच्या सरावाला ठेवायची, शिरोरेखेला नाही. जुनी सुईदांडी अजूनही काही जण लायनिंगसाठी राखून ठेवतात, ते वेडे नाहीत.

'गिव्ह' नावाची एक सोय असते. सुईच्या वाटेत छोटी स्प्रिंग, म्हणजे कातडी घट्ट लागली की सुई थोडी मागे सरते. शेडिंगला छान, कातडी कमी दुखावते. रेघेला ती नकोच, किंवा असेल तर बंद करता यायला हवी. गिव्ह असलेल्या मशीनने घोट्याजवळ रेघ ओढली की हाडावर ती फिकी आणि मांसावर गडद येते.

यंत्रणांचे प्रकार मोजायला बसलं तर संपणार नाहीत. सगळ्यात साधी डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे मोटर, तिच्यावर बाजूला सरकलेलं चाक आणि त्याला सुई. दुसरी सरकपट्टीची. ती स्वीडनने लोकप्रिय केली. स्टिग्मा-रोटरी आणि इंकमशीन्सची ड्रॅगनफ्लाय ही त्यातली मोठी नावं, आणि ड्रॅगनफ्लायच्या चिनी नकला तर एका काळात आपल्याकडे मुळापेक्षा जास्त दिसायच्या. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत हॅनोव्हरच्या मान्फ्रेड कोर्स यांनी रोटरी नव्याने बांधली होती, पण तिची खरी लाट आली ती लहान मोटरी आणि कार्ट्रिज एकत्र आल्यावरच. मग कॅलिफोर्नियात फ्रँको वेस्कोवी यांची बिशप, फ्लोरिडाची एफके आयर्न्स, आणि आता पेनाच्या आकाराची असंख्य. शायनची सोल नोव्हा अनलिमिटेड तर ३.५, ४ आणि ५ अशा वेगवेगळ्या स्ट्रोकमध्ये मिळते. मला हे आवडतं, कारण त्यामुळे घेणाऱ्याला स्ट्रोकचा विचार करावाच लागतो.

स्ट्रोक बदलता येणाऱ्या मशीनबद्दल माझं मत थोडं जुनाट आहे. एकच मशीन, चकती फिरवली की ३, फिरवली की ४.२. खिशाला परवडतं, प्रवासाला सोयीचं. पण बदलणारी यंत्रणा म्हणजे आणखी एक जोड, आणि जोड तिथे कालांतराने खेळ. मी नवीन मुलाला ३.५ किंवा ४ ची, एकाच ठरीव स्ट्रोकची, डायरेक्ट ड्राइव्हची मशीन घ्यायला सांगतो. वर्षभर तीच. हाताला एका मशीनचा स्वभाव कळल्याशिवाय दुसऱ्या मशीनशी तुलना करता येत नाही.

वजनाबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. रोटरी पेन बहुतेक कॉइलपेक्षा हलकं आणि कमी थरथरणारं असतं, आणि चार तासांच्या राजमुद्रेनंतर मनगट त्याचे आभार मानतं. वजन पुढे, बोटांजवळ असलं तर रेघ सरळ जाते. मागे बॅटरी लटकत असेल तर पेनाची शेपटी डोलते.

बॅटरीवरून आठवलं. तार नाही, पायाखाली पेडल नाही, वीज गेली तरी काम चालू. आपल्याकडे बॅटरीवर चालणारी पेनं म्हणूनच इतकी खपली. मीही एक स्वस्तातलं घेतलं होतं, कंपनीचं नाव इथे नको. एका मुलाच्या खांद्यावर राजमुद्रा चालू होती. अष्टकोनाच्या पाच बाजू झक्क गेल्या. सहावी ओढताना मला काही वेगळं वाटलं नाही, पेनाच्या छोट्या स्क्रीनवर तेच ७.५ व्होल्ट दिसत होते. पुसल्यावर दिसलं की सहावी आणि सातवी बाजू पाण्यात भिजवल्यासारखी फिकी. बॅटरी उतरत होती आणि स्क्रीन खरे व्होल्ट न दाखवता मी मागितलेले व्होल्ट दाखवत होता. महिनाभराने, कातडी भरून आल्यावर, त्या दोन बाजू मी फुकट पुन्हा ओढून दिल्या. त्या मुलाने तक्रार केली नाही, पण त्याच्या आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला अजून आठवते. तेव्हापासून लांब रेघांच्या कामाला तार, आणि बॅटरी वापरायचीच तर प्रत्येक बैठकीला भरलेली आणि जोडीला दुसरी.

पैशांचं बोलायचं तर डायरेक्ट ड्राइव्हची साधी मशीन काही हजारांत मिळते आणि जर्मन किंवा अमेरिकन वायरलेस पेन पन्नास-साठ हजारांच्या पुढे जातं. त्यात परदेशी मशीन बिघडली तर ती दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न पुण्या-मुंबईत सुटतो, सोलापुरात किंवा सावंतवाडीत नाही. नकला इतक्या हुबेहूब निघतात की खोकंही सारखं असतं. मी म्हणेन, पहिल्या वर्षी मशीनवर कमी खर्च करा. वाचलेल्या पैशांत चांगल्या कार्ट्रिजची खोकी, सरावाची कातडी आणि एक विश्वासाचा पॉवर सप्लाय येतो. महाग मशीनने वाईट हाताची रेघ सुधारत नाही, ती फक्त वाईट रेघ जास्त स्पष्ट काढते.

गेल्या पावसाळ्यात साताऱ्याहून एक मुलगा आला होता. अक्षर सुंदर, हात अधीर. त्याने मोबाइलवर अकरा मशीनची यादी करून आणली होती, प्रत्येकीपुढे तारे दिलेले. आम्ही यादी बाजूला ठेवली. त्याला सिलिकॉनच्या पट्टीवर शिरोरेखा ओढायला लावली, माझ्या तीन मशीननी, प्रत्येकी दहा वेळा. तो सेकंदाला जवळजवळ ४० मिमी चालत होता. ३ मिमीच्या मशीनने त्याच्या रेघेची कड उसवली, ४ च्या मशीनने ती सावरली. त्याने ४ ची, तारेवर चालणारी, साधी मशीन घेतली आणि उरलेल्या पैशांत ७ आणि ९ आरएलची खोकी. ट्यूनर तिथेच मोबाइलवर उतरवून घेतलं.

परवा रात्री त्याचा फोन आला. मागे मशीन चालू होती.

"दादा, पांढरी दोन येतेय."

"म्हणजे १४७. हात किती वेगाने चाललाय?"

"आता सावकाश. वीस-बावीस."

"मग पट्टी उतरव. पांढरी एकच्या खाली ये."

पलीकडे मशीनचा सूर हळूहळू खाली आला आणि एका जागी थांबला.

"आलो," तो म्हणाला, आणि फोन चालूच ठेवून रेघ ओढायला लागला.